एच. पायलोरी औषधांना पुरून का उरतो?

प्रयोगशाळेच्या अहवालात लिहिलेलं असतं की हेलिकोबॅक्टर पायलोरी (थोडक्यात एच. पायलोरी) या जठरात राहणाऱ्या जिवाणूवर औषध लागू पडतं. रुग्ण चौदा दिवसांचा कोर्स एकही गोळी न चुकवता पूर्ण करतो. महिनाभराने श्वासाची चाचणी होते आणि कळतं की तो जिवाणू अजून पोटातच आहे. अशा वेळी खापर फुटतं ते बहुतेकदा रुग्णाच्या डोक्यावर. गोळ्या वेळेवर घेतल्या नसतील, मध्येच सोडल्या असतील, असं धरलं जातं. कधी कधी ते खरंही असतं. पण ज्याने सगळं नीट केलं त्यालाही हे ऐकून घ्यावं लागतं, हे मला फार खटकतं. कारण यामागे जिवाणूची स्वतःची एक राहणी आहे आणि ती समजून घेतली तर बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

प्रयोगशाळेत औषध ज्याच्यावर तपासलं जातं तो जिवाणू भरपूर पोषण मिळालेला, जोमाने वाढणारा आणि विखुरलेला असतो. जठरातला जिवाणू पुष्कळदा तसा नसतो. तो आपल्यासारख्याच हजारो जिवाणूंना बिलगून, सगळ्यांनी मिळून तयार केलेल्या चिकट आवरणात राहतो. या आवरणासकट असलेल्या समूहाला बायोफिल्म म्हणतात. एकाच जातीचा जिवाणू, पण सुटा असताना जे औषध त्याला सहज मारतं, तेच औषध तो समूहात असताना अपुरं पडतं.

जठरात राहणं सोपं नाही

जठररसाचा पीएच साधारण १ ते २ असतो. इतक्या तीव्र आम्लात कुठलाही जिवाणू कायमचा तग धरू शकणार नाही, असं वैद्यकशास्त्र बराच काळ मानत होतं. १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी रुग्णांच्या जठरातून घेतलेल्या तुकड्यांतून हा मळसूत्रासारखा पीळदार जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. त्याआधीचे प्रयत्न फसले होते. त्या वर्षी ईस्टरच्या सुट्टीमुळे काचेच्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या, आणि सावकाश वाढणाऱ्या या जिवाणूला नेमका तेवढा अवधी हवा होता. १९८४ मध्ये मार्शल यांनी स्वतः या जिवाणूंचं द्रावण पिऊन जठराला सूज येते हे सिद्ध केलं. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. दरम्यान १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने एच. पायलोरीला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलं.

जगातल्या जवळपास निम्म्या माणसांच्या पोटात हा जिवाणू आहे किंवा होता. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर कसलाही त्रास होत नाही. साधारण दहा टक्क्यांना कधी ना कधी अल्सर होतो आणि एक ते तीन टक्क्यांना जठराचा कर्करोग. टक्केवारी छोटी दिसते, पण निम्म्या जगाच्या एक ते तीन टक्के म्हणजे किती माणसं होतात याचा विचार केला की अंगावर काटा येतो.

आम्लातून तो वाचतो ते युरिएज नावाच्या एन्झाइमच्या जोरावर. त्याच्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी दहा टक्क्यांपर्यंत वाटा एकट्या युरिएजचा असू शकतो, यावरून त्याचं महत्त्व कळतं. जठरात थोडा युरिया नेहमी असतोच. युरिएज त्याचे तुकडे करून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं आणि अमोनियामुळे जिवाणूभोवतीचं आम्ल सौम्य होतं. युरिया आत घेण्यासाठी जिवाणूच्या आवरणात एक खास दार असतं आणि ते बाहेर आम्ल वाढलं तरच उघडतं. ही व्यवस्था अत्यावश्यक आहे, कारण आम्ल नसताना अमोनिया तयार होत राहिला तर तो जिवाणूलाच घातक ठरेल.

तरीही आम्लात पोहत राहणं हे त्याचं ध्येय नाही. जठराच्या आतल्या भिंतीवर श्लेष्माचा, म्हणजे बुळबुळीत चिकट स्रावाचा, जाड थर असतो. तो भिंतीचं आम्लापासून रक्षण करतो. या थराच्या वरच्या बाजूला आम्ल तीव्र असतं, पण भिंतीजवळ पीएच जवळपास ७ पर्यंत जातो. एच. पायलोरीला तिथे पोहोचायचं असतं. आम्लात हा श्लेष्म घट्ट जेलीसारखा असतो आणि त्यातून वाट काढणं अवघड जातं. अमोनियामुळे आसपासचं आम्ल कमी झालं की तिथला श्लेष्म पातळ होतो आणि शेपटीसारख्या कशाभिका फिरवत जिवाणू पुढे सरकतो. म्हणजे एकच एन्झाइम त्याचा जीवही वाचवतं आणि त्याला वाटही करून देतं.

भिंतीपाशी पोहोचल्यावरही स्थैर्य नाहीच. श्लेष्म सतत नव्याने झिरपत असतो आणि जुना वाहून जातो. भिंतीच्या वरच्या पेशीही थोड्या थोड्या दिवसांनी गळून पडतात. नुसतं पोहत राहणारा जिवाणू या ओघात बाहेर फेकला जाण्याची शक्यता मोठी. म्हणून काही जिवाणू पेशींना चिकटतात. त्यांच्या पृष्ठभागावरची बॅबए आणि सॅबए ही प्रथिनं आपल्या पेशींवरच्या ठरावीक शर्करा-रेणूंना पकडून धरतात. काही जिवाणू भिंतीतल्या ग्रंथींच्या खोल नळ्यांमध्ये शिरून छोटे समूह करतात. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की एका ग्रंथीतले जिवाणू बहुधा पहिल्यांदा शिरलेल्या एखाद्या जिवाणूचीच प्रजा असतात आणि नंतर येणाऱ्यांना ते तिथे सहजासहजी थारा देत नाहीत.

चिकटल्यानंतर काय होतं

निसर्गातले बहुसंख्य जिवाणू कुठल्या ना कुठल्या पृष्ठभागाला चिकटून समूहानेच राहतात. नदीतल्या दगडावरचा बुळबुळीत थर, पाण्याच्या नळाच्या आतली चिकट साय, दातांवरचं कीटण, हे सगळे बायोफिल्मच. तरी सूक्ष्मजीवशास्त्राने शंभरेक वर्षं मुख्यतः द्रवात सुटे वाढणारे जिवाणूच अभ्यासले, कारण ते अभ्यासायला सोपे होते. समूहाकडे गंभीरपणे लक्ष गेलं ते १९७० च्या दशकात. एच. पायलोरीच्या बाबतीत तर त्याहूनही उशिरा.

बायोफिल्म एकदम तयार होत नाही. आधी काही जिवाणू पृष्ठभागाला सैल चिकटतात, मग घट्ट. त्यांची संख्या वाढत जाते तसं ते आपल्याभोवती एक लगदा सोडू लागतात. त्याला मॅट्रिक्स म्हणतात. त्यात शर्करांच्या लांब साखळ्या असतात, प्रथिनं असतात आणि बऱ्याच प्रमाणात डीएनए असतो. डीएनए म्हटलं की आपल्याला आनुवंशिक माहिती आठवते, पण इथे मेलेल्या जिवाणूंमधून बाहेर पडलेला डीएनए लगदा धरून ठेवणाऱ्या दोरांसारखाही उपयोगी पडतो.

एच. पायलोरीच्या मॅट्रिक्समध्ये आणखी दोन गोष्टी आढळतात आणि मला हा भाग सगळ्यात विलक्षण वाटतो. पहिली म्हणजे सूक्ष्म पिशव्या. हा जिवाणू आपल्या बाहेरच्या आवरणाचे छोटे फुगे सतत सोडत असतो. जपानमधल्या संशोधकांनी भरघोस बायोफिल्म करणारा एक वाण अभ्यासला तेव्हा त्याच्या जिवाणूंमधल्या फटी या पिशव्यांनीच भरलेल्या दिसल्या. पिशव्या जितक्या जास्त, तितकी बायोफिल्म दाट.

दुसरी गोष्ट म्हणजे कशाभिका. पोहण्याचा हा अवयव स्थिर समूहात निरुपयोगी ठरेल, असा समज होता. पुष्कळ जिवाणू बायोफिल्ममध्ये गेल्यावर कशाभिका बनवणं कमी करतात, हेही माहीत होतं. कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एच. पायलोरीचं वेगळंच चित्र समोर आलं. बायोफिल्ममध्ये कशाभिका भरपूर होत्या आणि त्या शेजारच्या जिवाणूंना एकमेकांशी जोडत होत्या. ज्या वाणांना कशाभिका बनवताच येत नव्हत्या, त्यांची बायोफिल्म अगदी कमकुवत झाली. ज्यांच्या कशाभिका होत्या पण फिरत नव्हत्या, त्यांची त्यापेक्षा बरी झाली. म्हणजे फिरण्याचं काम संपलं तरी धरून ठेवण्याचं काम उरतंच.

हे सगळं प्रयोगशाळेतलं झालं. माणसाच्या जठरात असं खरोखर होतं का? २००६ च्या सुमारास संशोधकांनी एंडोस्कोपीत काढलेले जठराचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. एच. पायलोरीची लागण असलेल्यांच्या तुकड्यांवर बायोफिल्मसारख्या थराने पृष्ठभागाचा फार मोठा भाग झाकलेला होता. लागण नसलेल्यांमध्ये असा थर जवळजवळ नव्हता. आता इथे तोल सांभाळायला हवा. श्लेष्म स्वतःच चिकट असतो, त्यामुळे छायाचित्रातला थर किती जिवाणूंचा आणि किती जठराचा हे ओळखणं अवघड आहे. शिवाय जठरात बरेच जिवाणू श्लेष्मात मोकळे पोहतही असतात. पोहणारे आणि चिकटलेले, दोघंही एकाच वेळी तिथे असतात असं मानणं मला सगळ्यात योग्य वाटतं.

औषध का अपुरं पडतं

इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. एक म्हणजे खरी प्रतिरोधकता. क्लॅरिथ्रोमायसिन हे औषध जिवाणूच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या एका ठिकाणी जाऊन बसतं. त्या जागेच्या जनुकात एका अक्षराचा बदल झाला तरी औषधाला बसायला जागा उरत नाही. हा बदल पुढच्या पिढ्यांत जातो आणि मग औषधाचा डोस वाढवूनही फारसा उपयोग होत नाही. हा प्रश्न इतका वाढला की २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणाऱ्या एच. पायलोरीला नव्या औषधांची तातडीने गरज असलेल्या जिवाणूंच्या यादीत घेतलं.

दुसरी गोष्ट म्हणजे सहनशीलता. यात जनुकात कसलाच बदल नसतो. तोच जिवाणू समूहातून वेगळा काढून तपासला तर औषधाने मरतो. पण समूहात असताना तगतो. चाचणीचा अहवाल आणि रुग्णाचा अनुभव यांची फारकत होते ती पुष्कळदा इथे.

समूहात तो कसा तगतो? मॅट्रिक्समुळे काही औषधं आतपर्यंत सावकाश पोहोचतात आणि वाटेत काही रेणू अडकून पडतात. पण हे कारण लोकांना वाटतं तेवढं मोठं नाही, कारण बरीच औषधं या लगद्यातून शेवटी आत जातातच. माझ्या मते त्याहून महत्त्वाचं कारण आतल्या जिवाणूंच्या मंदावण्यात आहे. समूहाच्या आतल्या भागात पोषण कमी मिळतं, त्यामुळे तिथले जिवाणू वाढणं जवळपास थांबवतात. अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक घाव घालतं ते वाढत्या जिवाणूच्या भित्तिकेवर, म्हणजे त्याच्या बाहेरच्या कवचावर. जो भित्तिका बांधतच नाही त्याचं ते काय बिघडवणार? त्याशिवाय समूहातल्या जिवाणूंमध्ये आत आलेलं औषध बाहेर फेकणारे पंप जास्त प्रमाणात तयार होतात, असं एच. पायलोरीवरच्या अभ्यासांत दिसलं आहे.

या दोन गोष्टी वेगळ्या असल्या तरी एकीतून दुसरी जन्माला येऊ शकते. सहनशीलतेमुळे जे वाचतात त्यांना अपुऱ्या औषधात दिवस काढायला मिळतात, आणि अशाच परिस्थितीत जनुकातले बदल निवडले जातात. क्लॅरिथ्रोमायसिनच्या प्रयोगांत बायोफिल्ममधल्या एच. पायलोरीमध्ये प्रतिरोधक वाण सुट्यांपेक्षा जास्त वेळा निर्माण झाले. त्यात भर म्हणजे हा जिवाणू बाहेरचा डीएनए उचलून आपल्या जनुकांत मिसळण्यात पटाईत आहे. मॅट्रिक्समध्ये शेजाऱ्यांचा डीएनए पसरलेला असतो आणि शेजारी अगदी खेटून असतात. एकाकडे असलेला बदल दुसऱ्याकडे जायला याहून सोयीची जागा नाही. म्हणूनच अर्धवट सोडलेला कोर्स हा कोर्सच न घेण्यापेक्षा वाईट ठरू शकतो.

लपणं आणि पसरणं

परिस्थिती बिघडली की एच. पायलोरी आपला पीळदार आकार सोडून गोल होतो. उपासमार, औषधं, ऑक्सिजन, काहीही कारण असो. या गोल रूपातला जिवाणू नेहमीच्या पोषकद्रव्यांवर वाढवायला गेलं तर वाढत नाही, पण त्यातले काही जिवंत असतात. जुन्या बायोफिल्ममध्ये ही गोल रूपं भरपूर दिसतात. ती पुन्हा पीळदार होऊन लागण करू शकतात का यावर बराच वाद आहे. काही प्राण्यांवरच्या प्रयोगांत तसं घडल्याचं नोंदवलं गेलं आहे.

समूह कायमचा एकाच जागी राहिला तर पसरणार कसा? म्हणून सुटून जाण्याचीही सोय असते. एच. पायलोरी एआय-२ नावाचा एक रासायनिक संकेत सोडतो. गर्दी वाढली की त्याचं प्रमाण वाढतं. कित्येक जिवाणू या संकेताकडे ओढले जातात, पण एच. पायलोरी त्यापासून दूर पळतो. ज्या वाणांना हा संकेत ओळखता येत नाही त्यांची बायोफिल्म प्रयोगांत अधिक दाट होते, कारण कोणी निघूनच जात नाही. सुटलेले जिवाणू मग श्लेष्मात पोहत जठराच्या दुसऱ्या भागात नवी सुरुवात करतात.

एका माणसाकडून दुसऱ्याकडे हा जिवाणू मुख्यतः बालपणी आणि बहुतांशी घरातल्या घरातच जातो. आईकडून मुलाला, भावंडांकडून भावंडांना. उलटी, लाळ आणि विष्ठा या त्याच्या वाटा मानल्या जातात. दूषित पाणी ही आणखी एक वाट. पाण्याच्या नळांच्या आत साठलेल्या बायोफिल्ममध्ये एच. पायलोरीचा डीएनए अनेक ठिकाणी सापडला आहे. दातांच्या कीटणातही तो सापडतो. डीएनए सापडला म्हणजे तिथे जिवंत, लागण करू शकणारा जिवाणू असतोच असं नाही. पण दुसऱ्या जिवाणूंनी केलेल्या थरात आसरा घेऊन तो शरीराबाहेर काही काळ टिकत असावा, ही शक्यता गांभीर्याने घेण्यासारखी आहे.

उपचारांत याचा काय उपयोग

एच. पायलोरीवर एकाच औषधाने उपचार करत नाहीत, त्याचं एक कारण आता लक्षात येईल. सहसा आम्ल कमी करणारं एक औषध आणि त्याच्याबरोबर दोन अँटिबायोटिक, पुष्कळदा बिस्मथ या धातूपासून केलेलं औषधही, असा चौदा दिवसांचा कोर्स असतो. आम्ल कमी करण्याचा हेतू फक्त जळजळ थांबवणं हा नसतो. पीएच वाढला की जिवाणू पुन्हा वाढू लागतात आणि वाढत्या जिवाणूवरच अमॉक्सिसिलिनसारखी औषधं चालतात. झोपलेल्याला जागं करून मग त्याच्यावर औषध चालवायचं, असा हा डाव. पूर्वी सात दिवसांचे कोर्स दिले जात. आता चौदा दिवसांवर भर आहे, कारण जास्त दिवसांनी यश वाढतं हे दिसून आलं आहे.

बायोफिल्मच मोडायची कल्पनाही आजमावली गेली. एन-ॲसिटिलसिस्टीन हे कफ पातळ करणारं जुनं औषध मॅट्रिक्सही सैल करतं. रोममधल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये चाळीस रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. या सगळ्यांचे आधीचे किमान चार उपचार फसले होते. वीस जणांना अँटिबायोटिकच्या आधी हे औषध दिलं, वीस जणांना दिलं नाही. दिलेल्यांपैकी तेरा जण बरे झाले, न दिलेल्यांपैकी चार. आकडे आशादायक होते. पण नंतर तैवानमध्ये पहिल्यांदाच उपचार घेणाऱ्या शेकडो रुग्णांवर झालेल्या चाचणीत हे औषध जोडीला देऊन काही फायदा दिसला नाही. मला या दोन निकालांत विरोध दिसत नाही. ज्यांच्या पोटात चार उपचारांनंतरही जिवाणू उरला आहे आणि ज्यांचा हा पहिलाच उपचार आहे, ते एकसारखे रुग्ण नव्हेत. पण चाळीस जणांच्या आधारावर हे औषध सरसकट द्यावं असंही म्हणता येत नाही, आणि कोणी स्वतःच्या मनाने तर ते मुळीच घेऊ नये.

कोर्स संपल्यावर जिवाणू गेला की नाही हे तपासण्याआधी किमान चार आठवडे थांबावं लागतं. आम्ल कमी करणारी औषधंही चाचणीच्या दोन आठवडे आधी डॉक्टरांना विचारून थांबवावी लागतात. घाईने चाचणी केली तर दबलेले, थोडेसे उरलेले जिवाणू पकडले जात नाहीत आणि अहवाल खोटाच निगेटिव्ह येतो. त्यानंतर काही महिन्यांनी त्रास सुरू झाला की लोकांना वाटतं नव्याने लागण झाली. प्रौढांमध्ये उपचारानंतरच्या पहिल्या वर्षात परत दिसणारा एच. पायलोरी बहुतेक वेळा जुनाच असतो. आधीच्या आणि नंतरच्या जिवाणूंची जनुकं जुळवून पाहिली की ते कळतं.

अशा वेळी तोच कोर्स पुन्हा घेण्यात अर्थ नसतो. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन एकदा फसलं असेल तर ते सहसा पुन्हा देत नाहीत, कारण वाचलेल्यांत प्रतिरोधक वाण निवडले गेले असण्याची शक्यता दाट असते. अमॉक्सिसिलिन आणि टेट्रासायक्लिनला एच. पायलोरी बहुतेक ठिकाणी अजून फारसा सरावलेला नाही, त्यामुळे ती दुसऱ्यांदाही वापरता येतात. म्हणून मागच्या वेळी नेमकी कोणती औषधं घेतली होती त्याची चिठ्ठी जपून ठेवावी आणि नव्या डॉक्टरांकडे जाताना सोबत न्यावी. पुढचा कोर्स कोणता द्यायचा हे ठरवताना त्यांना सगळ्यात आधी तीच लागेल.